मुंबईच्या दमट हवेत .३२ चं छोटं पिस्तूल : पावसाळ्यानंतरचा अनुभव

आपल्याकडे स्वसंरक्षणाच्या परवान्यावर पिस्तूल घ्यायचं म्हणजे बहुतेक वेळा .३२ बोअरच घ्यायचं. ९ मिमी प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे साध्या परवान्यावर न मिळणाऱ्या मापात मोडतं, त्यामुळे परदेशी व्हिडिओंतली ग्लॉक १९ वगैरेंची तुलना इथे काही कामाची नाही. उरतात ती देशी बनावटीची पिस्तुलं आणि परवान्यावर हातोहात फिरत आलेली जुनी विदेशी. हा अनुभव जर्मन वॉल्थर पीपीकेच्या घाटाच्या, संपूर्ण पोलादी, साधारण सहाशे ग्रॅम वजनाच्या पिस्तुलाचा आहे. एप्रिल-मेचा घाम, जुलैचा पाऊस आणि ऑक्टोबर हीट या सगळ्यात ते कमरेला राहिलं. मत आधीच सांगून टाकतो : या वर्गात पिस्तूल भरवशाचं ठरतं ते नावामुळे नाही, तर मॅगझिन, काडतूस आणि गंज या तीन गोष्टींवर.

आधी मॅगझिन, कारण अडकणाऱ्या दहा पिस्तुलांतल्या बहुतेकांचं दुखणं तिथेच सापडतं. दुकानात पिस्तूल हातात आलं की मॅगझिन काढून उजेडात वरून बघा. दोन्ही ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, समांतर हवेत. एक जरी बाहेर वाकलेला असला तर काडतूस नाक वर करून उभं राहतं आणि नळीच्या तोंडाला धडकतं. फॉलोअर, म्हणजे काडतुसांना खालून वर ढकलणारा तुकडा, बोटाने खाली दाबून एका बाजूने सोडा. तो तिरका होऊन अडकला तर स्प्रिंग थकलेली आहे किंवा आत डेंट आहे. जुन्या विदेशी पिस्तुलाला नवं मॅगझिन मिळणं कठीण, म्हणून एकच मॅगझिन असलेलं पिस्तूल कितीही देखणं असलं तरी मी सोडून द्यायला सांगेन.

मग यंत्रणा. विक्रेत्यासमोर, चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि करंगळीने दोनदा खात्री करून, सेफ्टी लावा, ट्रिगर ओढा, सोडा आणि सेफ्टी काढा. काढताना घोडा पडता कामा नये. दुसरी तपासणी : ट्रिगर ओढून तसाच दाबून ठेवा, स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, मागे नेऊन पुढे सोडा. घोडा स्लाइडबरोबर खाली आला तर व्यवहार तिथेच थांबवा. नकली काडतुसं घेऊन पूर्ण मॅगझिन हाताने फिरवून बघा. एक्स्ट्रॅक्टरचा आकडा प्रत्येक काडतूस धरून बाहेर आणतो का, ते त्यात कळतं.

स्लाइड ओढून बघणंही तितकंच गरजेचं. ही पिस्तुलं ब्लोबॅक पद्धतीची असतात, म्हणजे नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेल्या नसतात. गोळी सुटताना मागे येणारं कवच फक्त स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग थोपवून धरते. म्हणून एवढ्याशा पिस्तुलाची स्प्रिंग अपेक्षेपेक्षा कडक लागते. घामेजल्या बोटांनी ती ओढता आली नाही, तर ते पिस्तूल तुमच्यासाठी नाही. अशा वेळी .३२ चं रिव्हॉल्व्हर बरं. २०१४ साली आलेलं कानपूरचं ‘निर्भीक’ हलकं आहे आणि त्याला ओढायला स्लाइडच नाही. फक्त सिलिंडरची जाडी शर्टाखाली उठून दिसते.

काडतूस मागताना नुसतं ‘बत्तीस बोअर’ म्हणू नका. रिव्हॉल्व्हरचं .३२ लांब आणि मोठ्या रिमचं असतं. पिस्तुलाचं, म्हणजे ७.६५ मिमी ब्राउनिंगचं, आखूड. दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पिस्तुलाच्या काडतुसालाही बुडाशी किंचित बाहेर आलेली रिम असते आणि या कॅलिबरचा खास दोष तिथूनच येतो : वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिममागे गेली की वरचं पुढे सरकतच नाही आणि स्लाइड हाताने ओढूनही काही होत नाही. मॅगझिन काढून, काडतुसं बाहेर घेऊन पुन्हा भरावंच लागतं. भरताना प्रत्येक वरची रिम खालच्या रिमच्या पुढे बसवायची. आखूड होलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळ गोळीच्या काडतुसांना मॅगझिनमध्ये मागे-पुढे जागा उरते, म्हणून हा घोटाळा त्यांच्यात जास्त. ७१ ग्रेन वजनाच्या गोळीची फुल मेटल जॅकेट (गोळीवर पूर्ण धातूचं आवरण असलेली) काडतुसं लांबीला पुरेशी असतात. या पिस्तुलात त्यांनी त्रास दिला नाही.

कमरेला बांधण्याआधी, जी काडतुसं बाळगायची आहेत त्यातलीच निदान पन्नास अधिकृत रेंजवर, प्रत्येक मॅगझिन आलटून पालटून चालवावीत. परवान्यावरचा कोटा मर्यादित असतो हे खरं, पण ही काटकसर करण्याची जागा नव्हे. रिकामं कवच चिमणीसारखं उभं अडकलं तर आधी स्वतःची पकड बघा. मनगट सैल असलं की स्लाइड पूर्ण मागे जात नाही. पकड घट्ट असूनही तसंच झालं तर एक्स्ट्रॅक्टरखालचा कचरा किंवा त्याची स्प्रिंग. चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी टार्गेटकडेच ठेवून तीस सेकंद थांबायचं, मगच ते काडतूस काढायचं.

आता गंज, म्हणजे मुंबईचा खरा प्रश्न. पाऊस त्यात दुय्यम. घामातलं मीठ जास्त वाईट. पिस्तुलाची शरीराकडची बाजू आधी जाते : स्लाइडचा आतला गाल, ग्रिपच्या स्क्रूची खाच, मागच्या साइटचा कोपरा आणि मॅगझिनची तळपट्टी. तळपट्टी सरकवून काढली की तिच्या कडेला, जिथे कापड कधी पोहोचत नाही, तिथे तपकिरी रेघ दिसते. बोट फिरवलं की बोटाला लागते. तिथेच ती पुसून तेलाचा हात दिला तर पुढे जात नाही, महिनाभर राहिली तर पत्र्यात खड्डा पडतो.

पावसाळ्यात रोज रात्री, पिस्तूल रिकामं करून, सुती फडक्याने घाम पुसायचा आणि बंदुकीच्या तेलाचा इतकाच हात द्यायचा की बोटाचा ठसा उमटेल पण ओघळ येणार नाही. आठवड्यातून एकदा उघडून जुन्या टूथब्रशने घोड्याच्या खाचेतला शर्टाचा तंतू काढायचा. तेल आणि तंतू मिळून जो लगदा होतो तो घोड्याचा मार मऊ करतो. फायरिंग पिनच्या, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आदळणाऱ्या सुईच्या भोकात तेल सोडायचं नाही. गंज सोडवणारे पातळ स्प्रे काडतुसांजवळ नेऊच नका, ते प्रायमरमध्ये, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टिकलीत झिरपतात. चेंबरमध्ये तेच काडतूस पुन्हा पुन्हा भरलं की गोळी कवचात मागे दबते. नव्या काडतुसाशेजारी ठेवून लांबी बघावी, आखूड दिसलं की बाजूला.

चामड्याचं होल्स्टर कमरेला छान बसतं, पण इथे ओल धरतं. रात्रभर पिस्तूल त्यात ठेवलं की पोलादावर डाग आणि पितळेवर हिरवट थर. कायडेक्स या कडक प्लास्टिकचं होल्स्टर टोचतं, पण धुता येतं. काहीही घ्या, ट्रिगर पूर्ण झाकलेला हवा आणि पट्टा जाड हवा. कपाटात सिलिका जेलची पुडी ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परतले की पुन्हा निळे होतात.

झाकून नेणं ही फक्त सोय नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी हँडगन होल्स्टरमध्ये किंवा तत्सम साधनात, पूर्ण झाकलेली आणि ताब्यात असावी लागते. एक माप मोठा, बाहेर सोडलेला जाड सुती शर्ट पुरतो. भिजला की मात्र आकार स्पष्ट उमटतो, म्हणून पावसाळ्यात वरून विंडचीटर. गर्दीच्या वेळची लोकल आणि गणपतीची मिरवणूक या दोन ठिकाणी पिस्तूल घरच्या तिजोरीतच बरं. अंगाला अंग घासणाऱ्या गर्दीत कुठलंच होल्स्टर पूर्ण ताब्यात राहत नाही. जुन्या ब्राउनिंग १९१० सारख्या पिस्तुलांत फायरिंग पिन अडवणारी सोय नसते, ती चेंबर रिकामं ठेवूनच बाळगावीत.

निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र जमा करण्याची नोटीस आली, तर देण्याआधी नेहमीपेक्षा जाड तेल लावा, होल्स्टरशिवाय द्या आणि पावतीवरचा क्रमांक पिस्तुलावरच्या क्रमांकाशी ताडून बघा. परत मिळाल्यावर तेल पूर्ण पुसून, नळीतून कोरडं फडकं फिरवून मगच काडतुसं भरा.