ऑपरेटिंग सिस्टिमची भांडणं: कोणतं ज्ञानकोशात घ्यावं, कोणतं कट्ट्यावरच सोडावं

समजा, मराठी विकिपीडियावर तुमचं खातं आहे, धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) मसुदा तयार आहे आणि वर शीर्षक दिलंय ‘विंडोज विरुद्ध लिनक्स’, म्हणजे संगणक चालवणाऱ्या दोन ऑपरेटिंग सिस्टिमची तुलना. जतन करावं की नाही, एवढाच प्रश्न उरलाय. इंजिनिअरिंगच्या पोरांनी भरलेल्या आपल्या नाशकात हा मसुदा कुणीतरी कधीतरी लिहिणारच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निकाल आधी सांगून टाकतो. ‘दोघांत भारी कोण’ यावर ज्ञानकोशातली नोंद होत नाही, कितीही मुद्देसूद लिहिलंत तरी. ‘कोण कोणाशी कशावरून भांडलं आणि त्यातून काय झालं’ यावर होते, पण तीही प्रत्येक भांडणावर नाही.

मोजायचं कसं, ते नाशिककराला सोपं पडेल. सिंहस्थात वैष्णव आखाडे रामकुंडावर स्नान करतात आणि शैव आखाडे त्र्यंबकला कुशावर्तावर. आधी स्नानाच्या मानावरून मारामाऱ्या होत होत्या, पेशवाईत त्या रक्तपातापर्यंत गेल्या आणि पुढे ठिकाणंच वेगळी झाली. या भांडणाची नोंद घ्यावीच लागते, कारण ती वगळली तर आजची व्यवस्था समजत नाही. शिवाय आखाड्यांशी देणंघेणं नसलेल्यांनीही ते लिहून ठेवलंय. मागे काही उरलं का, आणि तिऱ्हाइताने लिहिलं का, या दोन प्रश्नांवर आता संगणकातली भांडणं घासून बघू.

टॅननबाउम आणि टोरवाल्ड्स, १९९२

हे भांडण पहिल्या फटक्यात पास. ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठात शिकवणारे अँड्र्यू टॅननबाउम यांनी विद्यार्थ्यांना ऑपरेटिंग सिस्टिम शिकवण्यासाठी १९८७ मध्ये मिनिक्स तयार केली होती. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स लोकांपुढे ठेवली. २९ जानेवारी १९९२ रोजी यूजनेट या जुन्या इंटरनेट चर्चाव्यवस्थेतल्या मिनिक्सच्याच गटावर टॅननबाउम यांनी लिहिलं की लिनक्स कालबाह्य आहे. लिनस तेव्हा बाविशीतला पोरगा. त्याने उत्तर दिलं, चांगलंच तिखट दिलं आणि मग सूर चढल्याबद्दल माफीही मागितली. प्राध्यापकांनी एका उत्तरात म्हटलं की तू माझा विद्यार्थी नाहीस हे तुझं नशीब, अशा रचनेला मी फारसे गुण दिले नसते. पुढे हसरा चेहरा टाकला होता, हेही नोंदवायला हवं.

भांडण होतं कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, रचनेवर. लिनक्समध्ये फाइल व्यवस्था, मेमरी, ड्रायव्हर (उपकरणं चालवणारे भाग) असं सगळं एकाच मोठ्या प्रोग्रॅममध्ये, पूर्ण अधिकारांनिशी चालतं. वेग मिळतो, पण एखादा ड्रायव्हर बिघडला तर सगळं यंत्र आडवं होऊ शकतं. मायक्रोकर्नलमध्ये गाभा अगदी लहान ठेवतात आणि बाकीची कामं वेगवेगळ्या, मर्यादित अधिकारांच्या प्रोग्रॅमकडे सोपवतात. एक पडला तरी बाकीचे चालू राहतात, मात्र आपापसांत निरोप पोचवण्यात वेळ जातो. टॅननबाउम यांचा दुसरा आक्षेप असा होता की लिनक्स इंटेलच्या ३८६ या प्रोसेसर चिपला फार बांधलेली आहे आणि त्या चिपचे दिवस भरत आलेत.

लिनक्स पुढे फोनपासून सुपरकॉम्प्युटरपर्यंत पोचली, म्हणजे टॅननबाउम हरले, असं शेवटचं वाक्य लिहायचा मोह होईल. लिहू नका. मॅकओएसच्या कर्नलमध्ये माख या मायक्रोकर्नलचा वारसा आहे. २०१७ मध्ये तर उघड झालं की इंटेलच्या चिपसेटमध्ये मुख्य प्रोसेसरच्या पाठीमागे चालणाऱ्या व्यवस्थापन यंत्रणेत मिनिक्सच वापरलेली आहे. त्यावर टॅननबाउम यांनी इंटेलला खुलं पत्र लिहिलं. म्हणजे ज्याने विंडोज किंवा लिनक्स घेतली त्याच्याही यंत्रात बऱ्याचदा मिनिक्स गुपचूप बसलेली होती. इतकं रसाळ वळण नोंदीत आपसूक आलेलं असताना निकाल द्यायची गरजच काय?

संदर्भांचीही वानवा नाही. मूळ संदेश जपलेले आहेत, १९९९ मध्ये लिनक्ससारख्या मुक्त सॉफ्टवेअरवरच्या (ज्याचा कोड कुणीही पाहू-बदलू शकतो) एका संग्रहात ते परिशिष्ट म्हणून छापले गेले आणि २००६ मध्ये टॅननबाउम यांच्या नव्या लेखामुळे वाद पुन्हा पेटला. स्वतंत्र लेख करायचा असेल तर पहिला मान याचा.

कोर्टकज्जे

यांची नोंद घ्यावी का, हा प्रश्नच नाही. फक्त ‘वाद’ म्हणून घेऊ नका, खटला म्हणून घ्या. ॲपलने १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर खिडक्या-चिन्हांच्या मांडणीवरून दावा लावला आणि १९९४ च्या अपील निकालापर्यंत तो बहुतांशी हरला. अमेरिकी सरकारने मे १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला. २००० मध्ये कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश निघाला, २००१ मध्ये तो अपिलात रद्द झाला.

या दुसऱ्या खटल्यात १९९९ च्या निष्कर्षांमध्ये एक मुद्दा आहे, तो विंडोजच्या तुमच्या लेखात यायलाच हवा. लोक ती सिस्टिम घेतात जिच्यावर सॉफ्टवेअर भरपूर असतं, आणि सॉफ्टवेअर लिहिणारे त्या सिस्टिमसाठी लिहितात जिच्यावर लोक भरपूर असतात. नवा प्रतिस्पर्धी या चक्रात शिरणार कुठून? कॉलेज कट्ट्यावर याच मुद्द्यावर तासन्‌तास घसा कोरडा होतो. तिथे त्याला पुरावा नसतो, इथे न्यायाधीशांनी साक्षी तपासून लिहून ठेवलाय.

म्युनिक आणि आपल्याकडचे प्रयोग

माझ्या मते मराठी वाचकाच्या सर्वांत कामाचं भांडण हे, आणि त्यावर आपल्याकडे लिहिलं जातं सर्वांत कमी. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये विंडोज सोडून लिनक्सवर जायचं ठरवलं. थांबवण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वतः महापौरांना भेटायला गेले. सुमारे १५ हजार संगणक हळूहळू बदलले गेले. मग २०१७ मध्ये महापालिकेने परत विंडोजकडे जायचा ठराव केला. खर्च वाचला की वाढला, अडचण सॉफ्टवेअरची होती की कारभाराची, यावर दोन्ही बाजूंचे दावे आहेत. ते दावे ‘अमुकाच्या म्हणण्यानुसार’ असेच लिहायचे. आपण पंच नाही.

याच्या शेजारी केरळ ठेवा. तिथल्या सरकारी शाळांचं संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेलं गेलं आणि टिकलं. आणि सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेने २००७ मध्ये आणलेली बॉस लिनक्स ही लिनक्सची देशी आवृत्ती. या तीन गोष्टी मिळून ‘सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअर’ असा दणदणीत लेख होतो. ‘विंडोज विरुद्ध लिनक्स’पेक्षा हे शीर्षक कितीतरी बरं, कारण त्यात ‘विरुद्ध’ नाही आणि माहिती मात्र सगळी आहे.

ज्यांना परिच्छेदच पुरे

बामर यांनी २००१ मध्ये लिनक्सला कॅन्सर म्हटलं आणि २०१६ मध्ये तीच मायक्रोसॉफ्ट लिनक्स फाउंडेशनची सभासद झाली. वाचायला मजेदार, पण मायक्रोसॉफ्टच्या लेखात दोन ओळी बास. ‘लिनक्स’ नव्हे, ‘जीएनयू/लिनक्स’ म्हणा, हा जीएनयू प्रकल्प सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन यांचा आग्रह लिनक्सच्या लेखात एका विभागात मावतो. मॅक आणि पीसी ही दोन माणसं बनवून ॲपलने २००६ ते २००९ या काळात ६६ जाहिराती केल्या. त्या मालिकेवर जाहिरात म्हणून लेख होऊ शकतो, मॅक आणि पीसीच्या भांडणावर नाही.

आयफोन की अँड्रॉइड? एम. जी. रोडवरच्या कुठल्याही मोबाइलच्या दुकानात उत्तर मिळेल, काउंटरमागच्या माणसाला कशावर कमिशन जास्त आहे त्यानुसार. पुढे जाऊ.

खरी अडचण: डीटीपीवाला

नाशकात लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापणाऱ्या एखाद्या गाळ्यात डोकावा. जुनी विंडोज, तिच्यावर पानं मांडायचं पेजमेकर, त्यात मराठी फॉन्टची श्रीलिपी. कळपट्टीवरची अक्षरं पुसली गेलीत आणि बोटं न बघता ‘श्री गणेशाय नमः’ टाइप करतात. ही जुनी मजकूर-पानं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारख्या वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतात, नाहीत. दुसऱ्या यंत्रावर फॉन्ट नसेल तर तिथे मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. या माणसाला लिनक्स फुकट आहे सांगून उपयोग नाही, त्याच्या वर्षानुवर्षांच्या पत्रिका, लेटरहेड आणि गिऱ्हाइकं त्या फॉन्टला बांधलेली आहेत.

मराठी जगात विंडोज का टिकली याचं मला पटणारं मोठं कारण हेच, आणि तेच तुम्हाला विकिपीडियात लिहिता येत नाही! स्वतः पाहिलं, स्वतः निष्कर्ष काढला, हे तिथे चालत नाही. आधी कुणीतरी छापायला हवं. अन्याय वाटतो, पण नियम मला मान्य आहे. तो नसता तर रोज कुणीतरी ‘माझ्या लॅपटॉपवर उबंटू लिनक्स कशी पळते’ हे ज्ञान म्हणून चिकटवलं असतं. तेव्हा दोन-चार डीटीपीवाल्यांशी बोलून देशदूत किंवा गावकरी या नाशिकच्या दैनिकांच्या पुरवणीसाठी लेख करा, संपादकांच्या हाताखालून जाऊ द्या. मग दुसऱ्या कुणाला तरी तो संदर्भ म्हणून वापरू द्या. आणि जुने उल्लेख शोधायचे तर एखादी दुपार नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात काढा. १८४० पासूनची संस्था आहे, जुन्या अंकांची चौकशी करायला काय जातं.

विश्वकोश की विकिपीडिया

वाईच्या मराठी विश्वकोशाची घडण वेगळी आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या काळापासून तिथे विषयाचा जाणकार लिहितो आणि संपादन मंडळ तपासतं. आता ज्ञानमंडळांच्या (विषयवार तज्ज्ञ गटांच्या) ऑनलाइन नोंदींखाली लेखकाचं आणि समीक्षकाचं नाव असतं. तिथे कर्नलच्या नोंदीत १९९२ च्या वादाला चार वाक्यं मिळाली तर खूप, आणि ते योग्यच आहे. विकिपीडियावर जागेची टंचाई नाही, लिहिणाऱ्याची पदवी कुणी विचारत नाही, विचारतात ते संदर्भ. म्हणून वादाची स्वतंत्र नोंद तिथेच शोभते. संदर्भ इंग्रजी असले तरी चालतात. संदर्भच नसले तर ‘पानकाढा’चा (पान वगळायच्या सूचनेचा) साचा लागायला वेळ लागत नाही, आणि मग चर्चा पानावर तेच भांडण पुन्हा सुरू होतं.

तर तुमच्या मसुद्याचं काय? त्यातला वेग, सुरक्षितता, किंमत असा गुण देणारा तक्ता काढून टाका, तो कुठल्याच कोशात बसत नाही. इतिहासाचा भाग संदर्भांसह ‘लिनक्स’ या लेखात विभाग म्हणून हलवा. तो चार-पाच दिवस टिकला, कुणी उलटवला नाही, की टॅननबाउम–टोरवाल्ड्स वादावर वेगळं पान सुरू करा आणि त्या विभागातून दुवा द्या. म्युनिकचं त्यानंतर घ्या, कारण तिथे दोन्ही बाजूंचे आकडे तपासायला वेळ लागेल. ‘विंडोज विरुद्ध लिनक्स’ हे शीर्षक पुनर्निर्देशन (दुसऱ्या पानाकडे नेणारं नाव) म्हणूनसुद्धा ठेवू नका.