पणजोबांचा बिल्ला आणि नौपाड्यातले दुकान

ठाण्यात नौपाड्यातील एका आतल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, जुन्या नाण्यांचे एक लहानसे दुकान आहे. पाटीवर दुकानाचे नाव नाही, ‘जुनी नाणी, नोटा, पदके’ एवढेच लिहिले आहे. तेथे लष्करी बिल्ले ओळखून त्यांची किंमतही सांगतात असे कळल्यावरून गेल्या महिन्यात मी दोन बिल्ले घेऊन गेलो. नगामागे 300 रुपये आकारतात आणि ते आधीच सांगतात.

पहिला बिल्ला साताऱ्याकडच्या आमच्या घरातला, पणजोबांच्या खांद्यावरचा, पितळी आणि 110 हा आकडा असलेला. मालकांनी दर्शनी बाजूकडे पाहण्याआधी तो उलटा केला आणि भिंग लावले. ठशाने उठवलेल्या बिल्ल्याच्या पाठीवर पुढच्या आकड्यांचे पोकळ प्रतिबिंब उमटते, तर वाळूच्या साच्यात ओतलेल्या नकलेची पाठ भरीव आणि बारीक खड्ड्यांची असते, हे त्यांनी शेजारी एक नक्कल ठेवून दाखवले. आमच्या बिल्ल्याच्या दोन्ही कड्या जुन्याच होत्या, डाखही (त्या जोडणारा धातूचा सांधा) मूळचा होता. 110 वी मराठा पलटण हे नाव 1903 मध्ये पलटणींना नवे क्रमांक मिळाले त्यानंतरचे, आणि 1922 च्या पुनर्रचनेत 103, 105, 110, 116, 117 या पलटणी पाचवी मराठा लाइट इन्फंट्री या रेजिमेंटमध्ये विलीन झाल्या. तेव्हा बिल्ल्याचा काळ या दोन सालांच्या मधलाच. पणजोबा पहिल्या महायुद्धात, आजच्या इराकमधल्या कुटच्या वेढ्यात होते असे घरात सांगतात. ही पलटण कुटला होती हे खरे असले तरी बिल्ल्यावरून पलटण कळते, माणूस कळत नाही, असे मालक स्पष्टपणे म्हणाले. पेन्शनचा कागद किंवा गणवेशातला फोटो सापडला तर घेऊन या, असेही त्यांनी सुचवले. हे ऐकून मी थोडा हिरमुसलो, पण अशी ग्वाही न देणाऱ्या माणसावर विश्वास बसतो.

आजी दर दसऱ्याला तो बिल्ला चिंचेने घासून पूजेत ठेवत असे. त्यामुळे आकड्यांच्या कडा बोथट झाल्या आहेत आणि संग्राहकाच्या लेखी किंमत उतरली आहे. याबद्दल आजीला बोल लावण्याची माझी तयारी नाही.

दुसरा बिल्ला मी भारतीय पलटणीचा म्हणून मुंबईत रस्त्यावर हौसेने घेतला होता: टोपीवरचा, कर्णा आणि वर मुकुट. मालकांनी मुकुटाच्या कमानींवर नख ठेवले. 1901 नंतरच्या राजांच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी वर गोलाकार असतात, तर राणी एलिझाबेथच्या काळातल्या मुकुटात त्या मधोमध खाली दबलेल्या असतात. माझ्या बिल्ल्यावर त्या दबलेल्या होत्या. ती राणी गादीवर आली 1952 मध्ये, आणि भारत 26 जानेवारी 1950 रोजीच प्रजासत्ताक होऊन सैन्याच्या चिन्हांवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. म्हणजे तिच्या मुकुटाचा भारतीय पलटणीचा बिल्ला अस्सल असूच शकत नाही. कर्ण्याची दोरी मात्र नकलाकाराने फार सुबक वळवली होती, हेही मालकांनी मान्य केले.

इथवर दुकानाला पैकीच्या पैकी गुण. पणजोबांच्या बिल्ल्याची किंमत ठरवण्याची तऱ्हा मात्र मला पटली नाही. आकडा त्यांनी तोंडी सांगितला, तोही 1800 ते 3500 असा ऐसपैस. कशाच्या आधारे, असे विचारल्यावर अलीकडच्या एकाही विक्रीचा दाखला मिळाला नाही, लेखी काही द्यायला त्यांनी नकार दिला आणि लगेच 1800 रुपयांना बिल्ला विकत घेण्याची तयारी दाखवली. किंमत सांगणारा आणि विकत घेणारा एकच असेल तर खालचा आकडा नेमका कुणाच्या सोयीचा, हे वेगळे सांगायला नको. परदेशात जास्त पैसे मिळतील का, या प्रश्नाला मात्र त्यांनी सरळ उत्तर दिले: शंभर वर्षे ओलांडलेली ऐतिहासिक वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही.

ओळख पटवण्यासाठी हे दुकान मी निःशंकपणे सुचवेन. विकायचे असल्यास आणखी दोन ठिकाणी विचारून मगच जिना चढावा. जिना अरुंद आहे, दुकान दुपारी बंद असते आणि भिंग एकच असल्याने ताटकळावे लागते. पणजोबांचा बिल्ला न घासता, मऊ सुती कापडात गुंडाळून मी परत आणला आहे, आणि पेन्शनच्या कागदासाठी गावच्या माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडायला काकांना सांगितले आहे.