स्टेमच्या आत दडवलेले २० मिलिमीटर

गेल्या वर्षी पावसाळा संपताना मी माझ्या रस्त्यावरच्या सायकलीचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा दुफाटा, बदलून घेतला. जुन्या फोर्कची स्टिअरर नळी, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या नळीतून वर येणारा आणि हँडल धरणारा दांडा, अॅल्युमिनियमची होती. नवा फोर्क नळीसकट पूर्ण कार्बन तंतूंचा होता आणि त्यासाठी मी २२,००० रुपये मोजले होते. असा फोर्क न कापलेल्या नळीसह येतो. माझ्या फोर्कची नळी ३०० मिलिमीटर लांब होती आणि आपल्या फ्रेमप्रमाणे ती एकदाच कापायची असते. कमी कापली तर पुन्हा कापता येते, परंतु जास्त कापली तर ती जोडता येत नाही, ही गोष्ट शिंप्याच्या कापडाइतकीच सरळ आहे.

मी निवृत्त अभियंता असल्यामुळे मोजमाप दुकानदारावर सोडले नाही. फ्रेमची पुढची नळी १४५ मिलिमीटर, खालच्या बेअरिंगची कडी १, वरचे झाकण ८, स्टेमखालचे स्पेसर (उंची भरणाऱ्या कड्या) २०, स्टेमची, म्हणजे नळीला हँडल जोडणाऱ्या पकडीची, उंची ४० आणि स्टेमच्या वर आणखी ५ मिलिमीटरचा एक स्पेसर, अशी बेरीज २१९ होते. वरच्या टोपीने सगळा संच दाबून बेअरिंग घट्ट करायचे असल्यामुळे नळी सर्वांत वरच्या स्पेसरच्या कडेपेक्षा साधारण ३ मिलिमीटर खाली राहावी लागते. म्हणून मी कागदावर '२१६' लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि तो कागद फोर्कच्या खोक्यासह पुण्याच्या पेठेतील एका नावाजलेल्या दुकानात दिला. त्याच आकड्याचा संदेश मालकांच्या फोनवरही पाठवला, आणि पुढे कामाला आला तो हा संदेशच.

माझी चूक एवढीच झाली की, 'काका, संध्याकाळी या, तयार ठेवतो,' असे मालक म्हणाले आणि मी घरी गेलो. संध्याकाळी सायकल चकचकीत पुसून उभी होती. बिल १,८०० रुपयांचे होते आणि त्यावर कार्बन कटिंग, एक्सपांडर प्लग (नळीच्या आत फुगवून बसवायची खुंटी) बसवणे, कार्बन पेस्ट (पकड घसरू नये म्हणून लावायचा लेप) आणि टॉर्क रेंचने (जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळणे अशा चार ओळी छापलेल्या होत्या. मी कापलेला तुकडा मागितला, तेव्हा तो झाडताना कचऱ्यात गेल्याचे सांगण्यात आले. खोकेही गेले होते. मला त्या वेळी ते खटकले नाही. वास्तविक तो तुकडा म्हणजेच कामाची खरी पावती होती, कारण ३०० मधून २१६ वजा केल्यावर माझ्या हातात ८४ मिलिमीटरचा तुकडा यायला हवा होता आणि साध्या पट्टीनेही सारा प्रकार त्याच क्षणी उघडा पडला असता.

पहिल्या तीन आठवड्यांत हेडसेट, म्हणजे पुढच्या नळीतल्या बेअरिंगांचा संच, दोनदा ढिला झाला. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवली की ठक ठक जाणवायचे. दोन्ही वेळा दुकानात वरची टोपी थोडी आवळून दिली आणि 'नवीन आहे, बसायला वेळ लागतो,' असे समजावले. हे समजावणे मी खरे मानले, कारण नव्या हेडसेटला एखाद्या वेळी तसे करावे लागतेही. मात्र २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब सायकल-सफरीची, तयारी करताना बोपदेव घाट उतरत होतो, तेव्हा प्रत्येक वळणावर स्टेममधून कोरडी कटकट ऐकू येऊ लागली. मी उतरलो आणि उरलेला घाट सायकल हातात धरून चाललो.

कोथरूडच्या एका तरुण मेकॅनिकने माझ्यासमोर ती उघडली. वरची टोपी आणि ५ मिलिमीटरचा स्पेसर काढल्यावर नळीची कड स्टेमच्या किंचित वर दिसायला हवी होती, त्याऐवजी स्टेममध्ये एक पोकळ विहीर होती. नळी स्टेमच्या वरच्या कडेपासून १८ मिलिमीटर खाली संपत होती. ४० मिलिमीटर उंचीच्या स्टेमने केवळ २२ मिलिमीटर नळी पकडली होती, आणि स्टेमच्या मागच्या दोन बोल्टांपैकी वरचा बोल्ट अक्षरशः हवा आवळत होता. फोर्क बाहेर काढून मोजला, तेव्हा नळी २१६ ऐवजी १९६ भरली. २० मिलिमीटरचे स्पेसर बेरजेत धरायचे राहून गेले होते, हे आकड्यावरूनच कळत होते.

इथपर्यंत ती चूक होती, आणि चूक कोणाकडूनही होते. त्या दिवशी मला फोन करून खरे सांगितले असते, तर स्पेसर काढून स्टेम खाली बसवता आला असता. हँडल २० मिलिमीटर खाली गेले असते आणि माझ्या कमरेने कुरकुर केली असती, पण फोर्क वाचला असता. फसवणूक सुरू झाली ती त्यानंतर. सर्व स्पेसर खाली तसेच ठेवून वरची पोकळी टोपीखाली झाकली गेली. इतक्या खोलवर एक्सपांडर प्लग बसवणे जमेना, कारण त्याची कड नळीच्या तोंडावर टेकावी लागते. तेव्हा नळीत स्टार नट ठोकला आणि लांब बोल्टने टोपी त्याला ओढून घेतली. स्टार नट धातूच्या नळीसाठी असतो. त्याच्या पोलादी पाकळ्या आतल्या भिंतीत रुतून धरतात, आणि कार्बनमध्ये त्या तंतूच खरवडतात. शिवाय एक्सपांडर प्लग केवळ टोपीला आधार देत नाही, तर स्टेम बाहेरून आवळताना नळीला आतून टेकू देतो. माझ्या फोर्कसोबत आलेला प्लग कुठे गेला, हे मला आजतागायत समजलेले नाही. बिलात तो 'बसवलेला' आहे.

कापही करवतीने केलेला नव्हता. नळीची कड बाहेरून आत दबलेली होती आणि थर सुटून त्यांच्या कुसळ्या उभ्या होत्या. तांब्याच्या नळ्या कापण्याचा फिरता पाइप कटर वापरल्याची ती खूण आहे, असे मेकॅनिक म्हणाला. कार्बनची नळी बारीक दातांच्या ब्लेडने, बाहेरून चिकटपट्टी गुंडाळून, फटीच्या मार्गदर्शक साच्यात धरून आणि कमी दाबाने कापायची असते. शेवटचे तंतू फाटू नयेत म्हणून अखेरीस नळी फिरवून दुसऱ्या बाजूने काप पुरा करतात आणि कड बारीक सँडपेपरने साफ करतात. पेस्टचा तर मागमूसही नव्हता.

'काका, ही मी परत जोडून देणार नाही,' असे त्या मुलाने स्पष्ट सांगितले. २००६ च्या पॅरिस-रूबे शर्यतीत जॉर्ज हिंकॅपी याची स्टिअरर नळी दगडी रस्त्यावर तुटली आणि हँडल हातात आले, ते दृश्य त्याने मला फोनवर दाखवले. ती नळी अॅल्युमिनियमची होती, हे मी अभियंत्याच्या सवयीने नोंदवतो. नळी तुटल्यावर पडण्यात मात्र काही फरक पडत नाही.

दुकानाच्या मालकांनी आधी 'तुम्ही घरी उघडली असेल,' असे म्हटले. २१६ चा संदेश, बिल आणि उघडतानाचे तारखेसह फोटो दाखवल्यावर कारागिरावर ढकलले. १,८०० रुपये लगेच परत मिळाले, फोर्कचे नाही. मग मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे जाण्यास दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही, हे त्या नोटिशीत लिहिले होते. महिनाभराने १४,००० रुपयांवर तडजोड झाली. उरलेले ८,००० रुपये मी सोडून दिले, याबद्दल पत्नीचे मत वेगळे आहे.

ज्यांच्या सायकलीची नळी अशीच त्यांच्या गैरहजेरीत कापली गेली असेल, त्यांनी आजच एक गोष्ट करावी. स्टेमच्या मागच्या बाजूस, दोन बोल्टांच्या मधल्या उभ्या फटीत विजेरीचा झोत टाकावा. वरच्या बोल्टाच्या पातळीपर्यंत नळी दिसली नाही, तर सायकल चालवू नये. फटीतून नीट दिसत नसेल, तर टोपी जाणकाराकडून स्वतःसमोर उघडून घ्यावी. कार्बनच्या नळीत आतून पाकळ्यांचा स्टार नट डोकावत असेल, तर दुकानदार काहीही म्हणो, त्या नळीवर विश्वास ठेवू नये.

नवा फोर्क त्या मुलाने माझ्यासमोर कापला आणि ८४ मिलिमीटरचा तुकडा पुसून माझ्या हातावर ठेवला. चुकीचा कापलेला फोर्क भंगारवाल्याला देण्यापूर्वी मी त्याची नळी अगदी बुडापाशी करवतीने आडवी कापली, नाहीतर स्वच्छ पुसून तो आणखी कोणाच्या तरी सायकलीला लागला असता.