गाडीतले नेव्हिगेशन आणि ऑडिओ : दुसऱ्या पावसाळ्यानंतरचा अनुभव

मे महिन्याच्या उन्हात गाडीच्या पडद्यावर ‘नकाशा कार्ड आढळले नाही’ असा संदेश येऊ लागला, आणि अधिकृत सेवा केंद्राने त्यावर एकच उपाय सांगितला : डॅशबोर्डमधले संपूर्ण युनिट बदलणे. खर्च पन्नास हजारांच्या घरात, वॉरंटी संपलेली, शिवाय युनिट मागवावे लागणार असल्याने गाडी पुन्हा नेऊन सोडावी लागणार. तिथल्या सल्लागाराने गाडीला संगणक जोडला, दोषाचा क्रमांक वाचला आणि अंदाजपत्रक छापून माझ्या हातात दिले. ज्या एसडी कार्डावर हा नकाशा साठवलेला असतो ते एकदा बाहेर काढून पाहावे, ही माझी विनंती त्याने मान्य केली नाही. सुटा भाग उघडून पाहण्याची त्यांच्याकडे पद्धत नाही, असे त्याचे म्हणणे होते. तपासणीचे शुल्क मात्र भरावे लागले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात परतल्यावर मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या मुलाने ते कार्ड नखाने दाबून बाहेर काढले. त्याच्या सोनेरी पट्ट्यांवर काळ्या मातीचा पातळ थर बसला होता आणि खाचेच्या तोंडाशी कापसाचे बारीक तंतू अडकले होते. त्याने आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पट्ट्या पुसल्या, ब्लोअरची थंड हवा खाचेत मारली, कार्ड परत बसवले आणि आवाजाची कळ दाबून धरून युनिट नव्याने सुरू केले. नकाशा आला आणि तेव्हापासून गेलेला नाही. त्याने जे पैसे घेतले ते दोघांच्या चहा-नाश्त्याइतके होते. ज्यांच्या गाडीत नकाशा एसडी कार्डावर आहे आणि ज्यांची गाडी शेतशिवारात फिरते, त्यांनी आधी एवढे करून पाहावे. दुसऱ्याच्या गाडीतले कार्ड आपल्या गाडीत घालून पाहण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. पुष्कळ गाड्यांत नकाशा कार्ड त्या त्या युनिटशी बांधलेले असते.

माझा व्यवसाय ठिबक सिंचनाचे संच बसवून देण्याचा आहे. दारव्हा, दिग्रस, आर्णी, घाटंजी या तालुक्यांत आणि कधीकधी थेट झरी जामणीपर्यंत मला शेतकऱ्याच्या वावरात जावे लागते. गाडी २०२२ची, वरच्या मॉडेलची, पण वापरलेली घेतली. नव्या गाडीत वरच्या आणि खालच्या मॉडेलच्या किमतीत जो फरक असतो, तो गाडी हातबदल होताना बराच आटतो, म्हणून हे नेव्हिगेशन माझ्या वाट्याला आले. नव्या गाडीसाठी तेवढे जास्तीचे पैसे मी दिले नसते.

सुरुवातीचे काही महिने मी गाडीतला नकाशा उघडतच नसे, कारण खिशातल्या मोबाइलवर तोच नकाशा अधिक ताजा, अधिक रंगीत आणि फुकट मिळत होता. माझे मत बदलले ते घाटंजीहून पारव्याच्या बाजूने, टिपेश्वरच्या जंगलाच्या कडेने जाताना. मोबाइलची रेंज गेली, रस्ता चुकू नये म्हणून मी मोबाइलवरचा नकाशा थोडा सरकवला, आणि निळा ठिपका कोऱ्या करड्या पडद्यावर एकटा राहिला. उपग्रहांचा संकेत मोबाइललाही मिळत असतो, त्यासाठी इंटरनेट लागत नाही. पण नकाशाचे चित्र इंटरनेटवरून येते, आणि तेच थांबलेले असते. आधीच नकाशा उतरवून ठेवला तर मोबाइलही चालतो, हे खरे आहे. मात्र तो नकाशा ठरावीक मुदतीने नव्याने उतरवावा लागतो. गाडीत सगळे राज्य कार्डावर कायमचे असते. वर मोकळे आकाश असले आणि चार उपग्रह दिसले की गाडी आपली जागा ओळखते, आणि उपग्रह दिसेनासे झाले तरी चाकांच्या फिरण्यावरून आणि वळणाच्या मापावरून ती काही अंतर अंदाज चालू ठेवते. मुंबईला जाताना इगतपुरी ते कसारा या दरम्यानच्या सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यात मोबाइलवरचा ठिपका जागीच थांबला होता आणि गाडीतला बाण पुढे सरकत होता. झरी जामणीच्या कोलाम आदिवासींच्या पोडांकडे (वस्त्यांकडे) जाणाऱ्या रस्त्यांवर हा बाण मला मोबाइलपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

एवढे असूनही या नकाशातला एक दोष मला रोज छळतो, आणि हा अनुभव वाचणाऱ्याने बाकी सगळे विसरले तरी एवढे लक्षात ठेवावे, अशी माझी इच्छा आहे. या नकाशाला पांदण, म्हणजे शेतांमधून जाणारी बैलगाडीची वाट, आणि डांबरी रस्ता यांतला फरक कळत नाही.

आपल्याकडची पांदण म्हणजे काय, हे विदर्भातल्या वाचकाला सांगायला नको. दोन्ही बाजूंना धुरे, मध्ये बंडीच्या चाकोऱ्या, उन्हाळ्यात गुडघ्याएवढी धूळ आणि आषाढात तीच माती फुगून चिकट झालेली. ती चाकाला धरते, मडगार्डमध्ये भरते आणि चाक फिरायचे थांबवते. गाडीच्या पडद्यावर मात्र ही पांदण आणि जिल्हा परिषदेचा खडी-डांबराचा रस्ता सारख्याच बारीक पांढऱ्या रेघेने दिसतात. नकाशा त्या रेघेला ठरावीक वेग देतो, त्या वेगाने वेळ काढतो आणि दोन किलोमीटर वाचतात म्हणून गाडी तिकडे वळवतो. अरुणावतीच्या काठच्या एका गावात त्याने मला अशाच पांदणीच्या तोंडाशी नेऊन उभे केले होते, तेव्हा धुऱ्यावर बसलेले आजोबा म्हणाले, “भाऊ, तिकून गाडी नाही येत, बंडी येते.” पावसाळ्यात त्या रेघेवर मध्येच नाला असतो, नाल्यावर रपटा (ठेंगणा पूल) असतो किंवा नसतो, आणि नकाशात त्याची खूण कुठेच नसते.

याच्या जोडीला रीठ गावांचा प्रश्न आहे. कधीकाळी उजाड झालेली, महसुली दप्तरात मौजा म्हणून नाव टिकलेली, पण एकही घर नसलेली अशी गावे विदर्भात जागोजागी आहेत. माझ्या गाडीतला नकाशा त्यांना नांदत्या गावासारख्याच ठळक अक्षरांत दाखवतो. उलट ज्या पोडावर आणि तांड्यावर माणसे राहतात, शाळा आहे, हातपंप आहे, त्यांतली कित्येक नावे नकाशात नाहीत. नवख्या माणसाने नाव पाहून पाणी किंवा पंक्चरचे दुकान मिळेल या आशेने तिकडे गाडी घातली, तर त्याच्या समोर पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर याखेरीज काही येणार नाही.

यावर मला जे उपाय सापडले ते सांगतो. मार्ग निवडण्याच्या सेटिंगमध्ये माझ्या गाडीत ‘सर्वांत कमी अंतर’ निवडलेले होते. ते बदलून ‘सर्वांत कमी वेळ’ केल्यावर पांदणीत शिरण्याचे प्रमाण बरेच कमी झाले, कारण मोठ्या रस्त्याला नकाशा जास्त वेग देतो. ‘कच्चे रस्ते टाळा’ हा पर्यायही चालू ठेवला आहे. त्याचा उपयोग अर्धाच होतो, कारण नकाशा भरणाऱ्याने ज्या रेघेला कच्ची म्हटले आहे तीच तो टाळतो. गेल्या काही वर्षांत उलटाही अनुभव येऊ लागला आहे : शासनाच्या पाणंद रस्ते योजनेतून काही पांदणींचे चांगले खडीकरण झाले, आणि त्या आता भर पावसातही चालतात, पण जुन्या नकाशात ज्यांच्यावर कच्च्याचा शिक्का आहे त्यांना हा पर्याय टाळतो आणि लांबचा फेरा दाखवतो. म्हणून ओळखीच्या प्रत्येक शेताचे फाटक मी ‘आवडती ठिकाणे’ यात साठवले आहे आणि नावापुढे ‘पांदण बंद’ किंवा ‘पांदण खडी’ असे लिहून ठेवले आहे. हे काम वेळखाऊ आहे, पण पुढच्या हंगामात माझ्याऐवजी मुलगा गाडी घेऊन गेला तरी अडत नाही.

कार्डावरचा नकाशा जुना असल्याचा खरा फटका समृद्धी महामार्गावर बसतो. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये. माझ्या कार्डावरची आवृत्ती त्याच्या आधीची आहे. कारंज्याला महामार्गावर चढलो की पडद्यावरची गाडी रिकाम्या शेतांतून धावू लागते आणि आवाज दर थोड्या वेळाने जवळच्या जुन्या रस्त्याकडे वळायला सांगतो. या रस्त्याला मधून कुठूनही उतरता येत नाही, ठरावीक इंटरचेंजवरूनच उतरता येते आणि टोल अंतराप्रमाणे द्यावा लागतो. उतरण्याची जागा हुकली तर डिझेल आणि टोल दोन्ही वाया जातात. त्यामुळे समृद्धीवर मी गाडीतल्या मार्गसूचना बंद करतो आणि मोबाइल लावतो.

नवी आवृत्ती मिळते, पण ती विकत घ्यावी लागते. सेवा केंद्राने सांगितलेली किंमत मी इथे देत नाही, कारण ती गाडीगणिक बदलते, पण त्या पैशांत एकरभर ठिबकच्या नळ्यांचा चांगला हिस्सा येतो. नव्या आवृत्तीत काय वाढले आहे, असे मी विचारले, तेव्हा पेट्रोल पंप, हॉटेल, चार्जिंग केंद्रे आणि नवे महामार्ग अशी यादी मिळाली. खेड्यातल्या रस्त्यांचे वर्गीकरण सुधारले आहे का, या प्रश्नाचे उत्तर कोणालाही देता आले नाही. ज्या एका सुधारणेसाठी मी पैसे मोजले असते, तिच्याबद्दलच विकणाऱ्याला माहिती नाही.

ऑडिओबद्दल माझी तक्रार नाही, उलट समाधान आहे, आणि त्याचे कारण मीडियम वेव्ह रेडिओ. आकाशवाणी नागपूर ५८५ किलोहर्ट्झवर आहे. एफएम टेकडीच्या आड गेले की खरखरते आणि तुटते. मीडियम वेव्हची लहर जमिनीला धरून लांबवर जाते, त्यामुळे घाटंजीच्या डोंगराळ भागातही शेतीविषयक कार्यक्रम आणि बातम्या शेवटपर्यंत ऐकता येतात. बाहेरून बसवून घेण्याच्या स्वस्त अँड्रॉइड पडद्यांपैकी अनेकांत मीडियम वेव्ह नसतेच, आणि ज्यांत असते त्यांत सेटिंगमध्ये प्रदेश अमेरिकेचा निवडलेला असेल तर स्टेशन शोधण्याचे टप्पे १० किलोहर्ट्झचे पडतात, त्यात ५८५ नेमके सापडत नाही. आपल्याकडचे टप्पे ९ किलोहर्ट्झचे आहेत. घेण्यापूर्वी दुकानातच हे स्टेशन लावून पाहावे.

मध्यंतरी या रेडिओत सतत गुणगुण येऊ लागली होती. सेवा केंद्रात अँटेना बदलण्याची सूचना झाली. दोष निघाला बारा व्होल्टच्या सॉकेटमध्ये कायम खोचून ठेवलेल्या मोबाइल चार्जरचा; तो उपसला की आवाज स्वच्छ, खोचला की पुन्हा गुणगुण. सोलर पंपाच्या कंट्रोलरजवळ गाडी उभी केली तरीही तशीच खरखर येते, ती गाडीचा दोष नाही. चार्जर आता गाडीच्या स्वतःच्या यूएसबी जागेवर गेला आहे.

बाकीचे थोडक्यात. ब्लूटूथ व्यवस्थित जुळते. पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तरच वाचला जातो, आणि देवनागरीत नाव दिलेली भजने पडद्यावर चौकोनांची रांग म्हणून दिसतात, त्यामुळे वडिलांसाठी फोल्डरला आकडे दिले आहेत. एप्रिल-मे मध्ये उन्हात उभी केलेली गाडी सुरू केल्यावर पडदा काही मिनिटे बोट ओळखत नाही; समोरच्या काचेला पुठ्ठा लावण्याची सवय केल्यापासून हा त्रास कमी आहे.

ज्या वाचकांनी याच वर्षी नव्या आवृत्तीचे कार्ड घेतले असेल, त्यांनी आपल्या तालुक्यातली माहितीची एक पांदण आणि एक रीठ गाव त्यात कसे दिसते ते पाहून कळवावे. रेघ पांदणीची म्हणून वेगळी दिसत असेल, तर दिवाळीनंतर कापसाचे आणि ठिबकचे पैसे हाती आले की मी ते कार्ड घेईन. तसे नसेल तर जुन्या कार्डावर आणि माझ्या साठवलेल्या ठिकाणांवर आणखी काही हंगाम काढीन.