नऊ महिने टॉर्क पाना वापरल्यावर

नऊ महिन्यांपूर्वी अर्धा इंच ड्राइव्हचा (सॉकेट बसवायचं चौकोनी टोक तेवढं), 40 ते 200 न्यूटन-मीटरचा, क्लिक होणारा टॉर्क पाना घेतला. टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर, न्यूटन-मीटर हे त्याचं एकक; ठरवलेला जोर गाठला की हा पाना क्लिक करून सांगतो. गाडीची चाकं स्वतः काढायची-बसवायची, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. त्या कामात तो आजही चोख आहे. माझ्या गाडीच्या नटांना 108 लागतं. हँडल फिरवून शून्याची रेघ 100 वर आणायची, पुढे आठ घरं, मग खालचा लॉक आवळायचा. ओढत गेलं की हाताला बारीक धक्का बसतो आणि 'टक्' होतं. तिथेच थांबायचं. खात्रीसाठी दोन-तीनदा टक् करायची मला सवय होती. दर वेळी नट आणखी थोडा आवळला जातो हे कळल्यावर ती सोडली.

तरीही पहिला पाना म्हणून हा घ्यायला नको होता.

तिसऱ्या महिन्यात मोटरसायकलच्या इंजिनाचं साइड कव्हर लावत होतो. एम-6 चे, म्हणजे 6 मिलिमीटर जाडीचे बोल्ट, मॅन्युअलमध्ये 1.0 किलोग्रॅम-फोर्स मीटर, म्हणजे 9.8 न्यूटन-मीटर. पान्याची पट्टी 40 ला सुरू होते. मी हँडल त्याच्याही खाली सैल करत नेलं आणि अंदाजाने 10 धरलं. टक् झालंच नाही. बोल्ट घट्ट होता होता एकदम हाताला हलका लागला. काढून पाहिला, तर त्याच्या आट्यांत अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळलेली. इंजिनातले आटे गेले होते. हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांचं काम करणारं तारेचं वेटोळं, बसवावं लागलं.

त्यानंतर पाव इंच ड्राइव्हचा, 5 ते 25 चा पाना आणला आणि आता हात आधी त्याच्याकडेच जातो. चाकाचा नट पाच-सात न्यूटन-मीटरने इकडे-तिकडे झाला तरी सहसा निभावतं. अ‍ॅल्युमिनियममधला एम-6 तेवढ्यानेच जातो. क्लिकच्या पान्यांची अचूकता आयएसओ 6789 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे कमाल आकड्याच्या 20 टक्क्यांपासून वरच तपासतात, म्हणून आपले नेहमीचे बोल्ट पट्टीच्या मधल्या भागात येतील असा पाना बघावा.

एककांचं गणित मी आता तोंडीच करतो. किलोग्रॅम-फोर्स मीटरला दहाने गुणलं की उत्तर जेमतेम दोन टक्के जास्त येतं. पान्याच्या अचूकतेतच चार टक्के इकडे-तिकडे चालतं, पण चुका एकमेकींत मिसळतात, म्हणून नाजूक जागी 9.81 च धरतो. फूट-पौंडात एक तृतीयांश मिळवायचा: 75 चे 100, नेमकं उत्तर 101.7. इंच-पौंडाला नऊने भागायचं: 106 चे पावणेबारा, खरे 12. सगळ्यात जपायचं ते फूट आणि इंच यांच्यात, कारण तिथे बारापटीचा फरक आहे. मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा त्याच्या शेजारचं एकक मी आधी वाचतो. आणि आटे कोरडे की तेल लावलेले, हेही. लावलेल्या जोरातला बहुतेक भाग घर्षणातच जातो, त्यामुळे कोरड्या आट्यांचा आकडा तेलकट बोल्टला लावला तर बोल्ट जास्त ताणला जातो.

अडचणीच्या जागी पान्याच्या टोकाला क्रोफूट (बाजूने नटात अडकणारं, उघड्या तोंडाचं जोड-टोक) लावला तर पान्याची लांबी वाढते आणि पट्टीवरचा आकडा खोटा ठरतो. 400 मिलिमीटरच्या पान्याला सरळ रेषेत 50 ची भर पडली, तर 100 हवे असताना 89 लावायचं. तोच क्रोफूट काटकोनात धरला की हिशेब करावा लागत नाही.

मोठ्या पान्याबद्दल तक्रारी दोन. रेघा नुसत्या कोरलेल्या, त्यांत रंग नाही. संध्याकाळी टॉर्चशिवाय दिसत नाहीत. आणि 40-50 च्या आसपास टक् इतकं पुसट होतं की शेजारी इंजिन चालू असेल तर ऐकूच येत नाही, हाताच्या जाणिवेवर राहावं लागतं. काम झालं की तो 40 वर आणूनच डब्यात ठेवतो, शून्याकडे कधीच नेत नाही. गंजलेले नट सोडवायला साधा लांब पाना वेगळा आहे. कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा बरोबर दाखवतो का याची तपासणी, बारा महिन्यांनी किंवा 5000 क्लिकनंतर, जे आधी येईल तेव्हा. माझे बारा महिने आधी भरतील, त्या वेळी दोन्ही पाने एकदमच तपासायला देणार आहे.