अँडोर, सीझन दोन : वर्षं पळतात, घोरमनवर येऊन थांबतात

'अँडोर' ही स्टार वॉर्सच्या विश्वातली, साम्राज्याविरुद्धच्या बंडाची मालिका. तिच्या पहिल्या सीझनला कसलीही घाई नव्हती. 2022 साली बारा भाग आले, त्यातला मोठा तुकडा नुसता तुरुंगातला. अनवाणी कैदी, करंट सोडता येईल अशी फरशी, टेबलावर दिवसभर जोडायचे कसलेतरी सुटे भाग आणि कोणत्या टेबलाने किती माल काढला याचा हिशेब. स्टार वॉर्सच्या नावाखाली कुणी पाळीतल्या कामगारांची गोष्ट एवढी निवांत सांगेल असं वाटलं नव्हतं. फेरिक्स या ग्रहावर माणूस गेला की त्याच्या राखेची वीट पाडतात, हेही त्या मालिकेने आपल्याला सवडीने कळू दिलं.

दुसरा सीझन एप्रिल 2025 मध्ये आला, आपल्याकडे जिओहॉटस्टारवर. यात सवड नाही. मालिकेचा कर्ता टोनी गिलरॉय याच्या डोक्यात मुळात पाच सीझन होते, सीझनला एक वर्ष. पण एकाच सीझनला एवढा वेळ लागला की उरलेली चार वर्षं त्याने बारा भागांत कोंबली. तीन भाग झाले की वर्ष सरतं आणि मधलं काय झालं ते आपण समजून घ्यायचं. आठवड्याला तीन भाग सोडले तेही याच हिशेबाने.

या उड्यांची सगळ्यात मोठी किंमत नायक कॅसियन अँडोरच्या मैत्रिणीने, बिक्सने, मोजली आहे. ॲड्रिया अरहोना काम चांगलं करते, पण दर तुकड्यात ती नव्या जागी, नव्या हालअपेष्टांत सापडते. कैदेतल्या छळाचा धसका, गोळ्या, सूड, सगळं आहे, मात्र ती त्यातून सावरली कशी ते बहुतेक त्या न दाखवलेल्या वर्षांत घडतं. उलट पहिल्या तीन भागांत जंगलात अडकलेल्या बंडखोरांची आपापसातली भांडणं एवढी ताणलीत की मी चहा टाकून आलो तरी ती चालूच होती. वेळ कमी होता ना? मग हा कुठून आला?

पण घोरमन आलं आणि माझी तक्रार निम्म्यावर आली.

मी इचलकरंजीत कापड तपासणीच्या कामात आहे, त्यामुळे कुणी 'ट्विल' म्हटलं की कान टवकारतात. घोरमन हा ग्रह ट्विलसाठीच प्रसिद्ध आहे, कोळ्यांच्या रेशमाचं ट्विल. त्याची आपल्याशी ओळख होते ती एका बंद खोलीतल्या बैठकीत. साम्राज्याचा बडा अधिकारी क्रेनिक जमलेल्या अधिकाऱ्यांना एक फिल्म दाखवतो, पर्यटन खात्याची असावी तशी: कोळी, धागा, भारी कपडे. फिल्म संपते आणि मुद्दा येतो. या जमिनीखालचं खनिज साम्राज्याला हवंय, आणि ते काढताना ग्रह राहण्यालायक उरेल याची खात्री नाही. प्रचार खात्याची दोन माणसं उत्साहाने सांगतात की घोरमनच्या लोकांबद्दल बाकीच्यांचं मत कलुषित करणं फार अवघड नाही. गुप्तचर खात्याची डेड्रा मिरो त्यापुढे जाते: तिथे एक बंड लागेल, आणि ते आपल्या सोयीने चुकणारं हवं. आवाज कुणाचाच चढत नाही. पहिल्या सीझनमध्ये साम्राज्य म्हणजे तुम्हाला पकडणारे शिपाई होते. इथे तुमच्या नावाची फाइल आधी तयार होते, शिपाई कितीतरी मागाहून येतात.

मग वर्षं पळाली तरी ती फाइल पळत नाही. दर तुकड्यात एकेक कागद वाढतो. चौकात, जुन्या हत्याकांडाच्या स्मारकाजवळ, शस्त्रागार उभं राहतं. कापडवाले आधी कायद्याच्या वाटेने जाऊ म्हणतात, तरुण पोरं त्यांच्यावर चिडतात. व्यापाऱ्यांच्या सभा ज्यांनी पाहिल्यात त्यांना हा क्रम पाठ असेल. एका वर्षाच्या उडीचा इथे उलट फायदाच होतो, कारण परत आलो की गावाचा चेहरा बदललेला दिसतो. हॉटेलातला थेला नावाचा पोरगा बघा. पहिल्यांदा सामान उचलताना बाप कसा गेला ते सांगतो, पुढच्या खेपेला त्याच्याकडे सांगण्यासारखं जास्त उरलेलं नसतं. 2016 च्या 'रोग वन' या स्टार वॉर्स चित्रपटातलं ते आशेवरचं गाजलेलं वाक्य या मालिकेने कुण्या सेनापतीच्या नव्हे, त्याच्या तोंडी घातलंय.

आठव्या भागातला चौक सांगून बिघडवत नाही. एवढंच बघून ठेवा की गर्दीसमोर मुद्दाम कोवळ्या, घाबरलेल्या शिपायांना उभं केलंय. का, ते थोड्या वेळाने कळतं.

बाकी बदलांत संगीतकार बदलला. निकोलस ब्रिटेलच्या जागी बहुतांश ब्रँडन रॉबर्ट्स आहे, आणि शीर्षकाची धून दर भागात किंचित वेगळी वाजायची ती मजा मला परत तितकी आली नाही. मात्र मुलीच्या लग्नात सिनेटर मॉन मॉथमा, जी छुपेपणाने बंडाला मदत करते, बेभान नाचते ती धून पहिल्या सीझनमधली 'नियामोस', आणि तिच्या चेहऱ्यावर काय चाललंय हे ठाऊक असल्यामुळे तो नाच बघवत नाही. आपला जोडीदार सिरिल याच्या आईला डेड्रा जेवणाच्या टेबलावर सरळ करते तो प्रसंग मी दोनदा लावला, निव्वळ आनंदासाठी. पहिल्या सीझनमध्ये जुन्या वस्तूंच्या दुकानात काउंटरमागे उभी असणारी बंडखोर क्लेया दहाव्या भागात सगळा पडदा घेते. एलिझाबेथ डुलाऊने केलेलं ते काम मला अख्ख्या सीझनमध्ये सरस वाटलं, नायकाचं काम करणाऱ्या डिएगो लुनाची क्षमा मागून.

बघायची असेल तर तीन-तीनच्या गठ्ठ्याने बघा, चौथा भाग त्याच रात्री लावू नका. आणि आवाज मूळच ठेवा. घोरमनच्या लोकांसाठी वेगळी भाषा बनवली आहे, फ्रेंच नट ती अशा तोऱ्यात बोलतात की बाहेरच्यांना ते गर्विष्ठ का वाटतात ते सबटायटल न वाचताही समजतं.