वॉर्ड्रॉप की लॉजिट: गाडीवाला रस्ता कसा निवडतो?

मुंबईहून पुण्याला निघालेली मोटार द्रुतगती मार्ग धरेल की जुना महामार्ग? हे गणितात मांडायच्या दोन रीती आहेत.

पहिली वाहतूक-अभ्यासक जॉन वॉर्ड्रॉप यांची, १९५२ सालची. प्रत्येकाला सगळ्या रस्त्यांचा वेळ अचूक ठाऊक असतो आणि जो तो आपला वेळ वाचवतो, हे तिचं गृहीतक. गर्दीनं वेळ वाढतो, लोक वाट बदलतात आणि अखेर वापरातल्या सगळ्या वाटांना सारखाच वेळ लागतो. नवा पूल झाला तर शहरभरात गर्दी कुठे सरकेल, हे पाहायला ती उत्तम.

दुसरी रीत लॉजिट, म्हणजे कोणता पर्याय निवडला जाण्याची किती शक्यता आहे ते काढायचं सूत्र. ते सगळ्यांना एकाच मापानं न मोजता प्रत्येक वाटेला शक्यता देतं. कुणी टोल वाचवतो, कुणाला लोणावळ्यात थांबायचं असतं, कुणाचा अंदाजच चुकतो. हे सगळं त्यात मावतं. टोल वाढल्यावर किती जण जुन्या रस्त्याकडे वळतील, यासाठी मी लॉजिटच निवडेन.

पण साधं लॉजिट एका जागी फसतं, आणि नेमकं आपल्या घाटात. खंडाळा-खोपोली पट्ट्यात दोन्ही मार्ग काही अंतर एकच आहेत. तरीही साधं लॉजिट त्यांना पूर्ण स्वतंत्र मानतं. तिसरी, अगदी वेगळी वाट असेल तर तिच्या वाट्याची वाहनं या दोघांना उगाच मिळतात. पाथ-साइझ लॉजिट या त्याच्या सुधारित रूपात सामाईक लांबीनुसार अशा वाटांचं वजन उतरतं. घाटरस्त्यांच्या अभ्यासात ही दुरुस्ती वगळूच नये.